लोकनामांची नोंद आणि तिच्यातील हानी : नगर जिल्ह्यातील औषधी रानवनस्पतींच्या नावांची चिकित्सा

वनस्पतींच्या प्रादेशिक सूचींमध्ये लोकनामांना जे स्थान मिळते ते बहुधा पुरवणीचे असते. शास्त्रीय नाव, कुल, आढळ, फुलण्याचा हंगाम एवढे झाले की शेवटी दोन-चार देशी नावे जोडायची आणि नोंद मिटवायची, ही रीत गेली दीडशे वर्षे चालत आली आहे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तीत फारसे वावगे नसेल. परंतु त्या नावांवरून पुढे कोणी औषधी उपयोगाचे, परंपरेचे किंवा लोकांच्या हक्काचे अनुमान काढू लागला म्हणजे ही पुरवणीच मुख्य पुरावा होऊन बसते, आणि तेव्हा तिची अव्यवस्था अंगाशी येते. लोकनाम हा भाषेतील शब्द आहे. तो कोणीतरी, कोठेतरी, काहीतरी सांगण्यासाठी उच्चारलेला असतो. शब्दाची नोंद जितक्या काटेकोरपणाने व्हावयास हवी तितक्या काटेकोरपणाने या नावांची नोंद झालेली नाही.

या चिकित्सेसाठी नगर जिल्हा विशेष सोयीचा आहे. क्षेत्रफळाने तो महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा होय. पश्चिमेस अकोले तालुक्यात कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड यांचा मुसळधार पावसाचा डोंगराळ मुलूख आणि त्यात महादेव कोळी व ठाकर यांची वस्ती; पूर्वेस आणि दक्षिणेस पाथर्डी, जामखेड, कर्जत यांची कोरडी माळराने, ज्यांची बोली मराठवाड्याच्या बोलीत नकळत मिसळून जाते. एका टोकाला भारंगी, फोडशी आणि हिरडा. दुसऱ्या टोकाला तरवड, रुई आणि सराटा. ‘अहमदनगर जिल्ह्यातील मराठी नाव’ अशी एकच नोंद या प्रदेशास पुरेशी मानणे म्हणजे दोन निरनिराळ्या भाषिक व्यवहारांची मोट बांधणे होय. जिल्ह्याचे स्वतःचे नाव २०२४ मध्ये अधिकृतपणे अहिल्यानगर झाले. त्यापूर्वीही आणि त्यानंतरही बोलण्यात तो ‘नगर’च राहिला आहे. कागदावरचे नाव आणि तोंडातले नाव यांतील हे अंतर वनस्पतींच्या बाबतीत याहून पुष्कळ अधिक आहे.

नावांचा विचार आपल्याकडे झालाच नाही असे मात्र म्हणता येणार नाही. राजनिघंटूचा कर्ता नरहरी याने द्रव्यांना नावे कशी पडतात याची सात कारणे सांगितली आहेत : रूढी, प्रभाव, देश्योक्ती, लांछन, उपमा, वीर्य आणि इतराह्वय. महाराष्ट्र आणि कर्णाटक या दोन देशांच्या भाषांतील नावांचा आपण आधार घेतल्याचेही तो सांगतो. शब्दार्थशास्त्राच्या अभ्यासकाने या सात कारणांकडे जितके लक्ष द्यावयास हवे होते तितके दिलेले नाही. रूढीला स्वतंत्र स्थान देऊन, काही नावांचा अर्थ शोधू नये, हे नरहरीने मान्य केले. आधुनिक व्युत्पत्तिकारांना हा संयम क्वचितच साधला आहे. ‘माका’ या शब्दातून काही ना काही अर्थ पिळून काढण्यापेक्षा तो रूढ आहे एवढेच म्हणणे अधिक शास्त्रीय ठरेल.

तथापि ही सात कारणे परस्परांहून वेगळी मानली तर मोठीच फसगत होते. मुरुडशेंगेचे उदाहरण पाहावे. हेलिक्टेरिस आयसोरा या झुडपाची शेंग दोरीला पीळ द्यावा तशी वळलेली असते. संस्कृतात तिला आवर्तनी म्हणतात, तेही याच वळणावरून. मराठीत मुरड म्हणजे वळसा, पीळ. आणि पोटात कळ येऊन जो विकार होतो तोही मुरडा. ही शेंग मुरड्यावर देतात, बाळगुटीतही ती उगाळतात. आता हे नाव लांछनावरून पडले की प्रभावावरून? शेंग वळलेली म्हणून मुरुडशेंग, की मुरडा थांबविते म्हणून मुरुडशेंग? भाषेपुरते उत्तर असे की हा प्रश्नच चुकीचा आहे. मराठी भाषकाच्या मनात आतड्याला पडणारा पीळ आणि शेंगेला पडलेला पीळ हे एकाच धातूने बांधलेले आहेत, आणि नाव त्या दोहोंना एकदमच स्पर्श करते. युरोपात सोळाव्या शतकात पॅरासेल्सस आणि त्याच्या अनुयायांनी वनस्पतीच्या रूपातच तिच्या गुणाची खूण असते असा सिद्धान्त मांडला होता. मुरुडशेंगेच्या बाबतीत तसा सिद्धान्त कोणी मांडण्याची गरजच पडली नाही. शब्दाने ते काम परस्पर केले.

येथेच सूचीकाराच्या मुख्य दोषाशी गाठ पडते. सूचीत ‘लोकनाम’ आणि ‘लोकांतील उपयोग’ असे दोन रकाने असतात, आणि वाचक त्यांना एकमेकांचे स्वतंत्र साक्षीदार समजतो. वस्तुतः अनेकदा दुसरा रकाना पहिल्याचेच भाषांतर असतो. मुरुडशेंग : मुरड्यावर. नायटी : नायट्यावर. हाडजोड : हाड जोडण्यासाठी. यांतील प्रत्येक विधान खरे असू शकेल. पण नावावरून उपयोग लिहिला गेला असेल तर साक्षीदार एकच राहतो, दोन नव्हेत. हाडजोड किंवा कांडवेल या वेलीचे चौधारी कांडे सांध्यासांध्यांनी बनलेले असते. त्या रूपावरून अस्थीची कल्पना सुचणे स्वाभाविक आहे. तिच्या गुणाचा स्वतंत्र पुरावा हवा असेल तर तो प्रयोगातून यावा लागतो, आणि तसा प्रयत्न झालाही. काशी हिंदू विश्वविद्यालयात के. एन. उडुपा आणि जी. प्रसाद यांनी मोडलेले हाड सांधण्यावर या वनस्पतीचा काय परिणाम होतो याचा अभ्यास करून १९६४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या अभ्यासाचे मोल ठरविणे हे वैद्यकाचे काम. भाषाभ्यासकाने एवढेच म्हणावे की तो अभ्यास नावाच्या बाहेरचा आहे, आणि म्हणूनच पुरावा म्हणून त्याची गणना होऊ शकते. उलट ‘कंबरमोडी’ हे नाव ऐकून ती कंबरदुखीवर चालते असे कोणी लिहिले, तर मोडणे आणि बरे करणे यांतला भेदही त्याने लक्षात घेतला नाही असे म्हणावे लागेल.

याच कंबरमोडीने ‘पारंपरिक’ या शब्दाचीही परीक्षा घेतली आहे. एकदांडी, दगडी पाला या नावांनीही ओळखली जाणारी ही ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स नगरच्या प्रत्येक बांधावर दिसते. विळा लागला, ठेच लागली की तिचा पाला चुरडून जखमेवर लावतात; हा उपयोग इतका सार्वत्रिक आहे की तो अनादी वाटावा. पण ही वनस्पती मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतील. कोलंबसानंतरच्या दळणवळणाखेरीज ती येथे येणे शक्य नव्हते. म्हणजे नाव, उपयोग आणि त्याभोवतीचा विश्वास हे सर्व काही शतकांच्या आत घडले आहे. त्याने उपयोग खोटा ठरत नाही. मात्र परंपरा म्हणजे प्राचीनता हे समीकरण निश्चित खोटे ठरते. घाणेरीचीही तीच कथा. आणि गाजरगवताचे तर सारे डोळ्यांसमोर घडले : १९५६ मध्ये पुण्यात त्याची नोंद झाली, आणि एका पिढीच्या आत त्याला गाजरगवत, काँग्रेस गवत, चटकचांदणी अशी तीन नावे मिळाली. पहिले नाव पानांच्या साम्यावरून, म्हणजे नरहरीच्या परिभाषेत उपमेने. दुसऱ्यात त्या काळचे राजकारण आहे, आणि त्याला नरहरीच्या सात घरांपैकी एकही घर नाही. नवी नावे घडविण्याची लोकभाषेची शक्ती आटली, ही तक्रार करणाऱ्यांनी या तणाचे उपकार मानावयास हवेत.

आता ध्वनीचा पुरावा. नावाचे वय आणि मार्ग यांविषयी तो अर्थापेक्षा अधिक विश्वसनीय असतो, कारण अर्थ लावता येतो, ध्वनी लावता येत नाही. ‘आघाडा’ हे नाव संस्कृत ‘आघाट’ याशी नेमके जुळते. दोन स्वरांमधील टकाराचा मराठीत डकार होतो, जसे वट-वड, घट-घडा. हाच स्थानी डकार असेल तर त्याचा ळकार होतो : दाडिम-डाळिंब, तडाग-तळे, गुड-गूळ. गुडूचीपासून ‘गुळवेल’ या मार्गाने आली. परंतु ऐकणाऱ्याला तीत गूळ ऐकू येतो, आणि मग गोडीची कथा रचली जाते. गुळवेलीचे कांडे एकदा चावून पाहणाऱ्यास या व्युत्पत्तीचे खंडन वेगळे करावे लागत नाही.

याहून मौजेचे उदाहरण गोखरूचे. संस्कृत क्षकाराचे मराठीत दोन प्रकारचे परिणाम आढळतात, एक खकाराचा आणि एक सकार-शकाराचा. झ्यूल ब्लॉक यांनी आपल्या मराठी भाषेच्या विकासावरील ग्रंथात, ज्याचा वासुदेव गोपाळ परांजपे यांनी केलेला अनुवाद १९४१ मध्ये निघाला, या दुहेरी परिणामाची दखल घेतली आहे. क्षेत्र-शेत, इक्षु-ऊस, मक्षिका-माशी हा एक ओघ. क्षार-खार हा दुसरा. ज्या ‘क्षुर’ शब्दावरून गोक्षुर बनला, त्याच क्षुराचा मराठीत ‘सुरा’ झाला आणि ‘सुरी’ झाली. असे असता गोक्षुराचा ‘गोखरू’ व्हावा, हे त्या शब्दाच्या परकेपणाचे लक्षण मानता येईल. उत्तरेकडून दुकानाच्या वाटेने तो आला असावा, या तर्काला दुसरी एक गोष्ट बळकटी देते : देशावरचा शेतकरी अनवाणी पायात रुतणाऱ्या त्या काट्याला ‘सराटा’ म्हणतो, गोखरू तो काष्ठौषधीच्या दुकानात मागतो. अर्थात् खकार मराठीस अपरिचित नाही, आणि गाईच्या खुराची कल्पनाही त्या रूपास धरून ठेवण्यास कारण झाली असेल. म्हणून केवळ ध्वनीवर निकाल देऊ नये. पण सूचीत ‘सराटा, गोखरू’ असे स्वल्पविराम देऊन जे छापले जाते, त्या स्वल्पविरामात शेत आणि बाजार यांतील सारे अंतर गडप होते, हे तरी मान्य करावेच लागेल.

लिपीने केलेली हानी वेगळीच. थिओडोर कुक यांची मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची १९०१ ते १९०८ या काळात निघाली आणि आजही तिच्यावाचून कोणाचे चालत नाही. तिच्यातील देशी नावे रोमन अक्षरांत आहेत, आणि तीही मूर्धन्य-दंत्य भेद न दाखविता. त्या लिपीत वाळा आणि वाल यांतला फरक टिकत नाही. टकार-तकार, डकार-दकार, ळकार-लकार ही सारी जोडपी एकरूप होतात. पुढच्या संकलकांनी ही रूपे पुन्हा देवनागरीत आणली तेव्हा प्रत्येकाने आपापल्या कानाप्रमाणे अक्षर निवडले, आणि कोणाच्याही तोंडी कधी नसलेली नावे छापील पानांवर जन्मास आली. या पार्श्वभूमीवर सतराव्या शतकातील ‘हॉर्टस मलबारिकस’ आठवल्यावाचून राहत नाही. १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे छापलेल्या त्या ग्रंथातील चित्रांवर रोमनबरोबर मल्याळम, अरबी आणि नागरी लिपींत नावे कोरलेली आहेत. नागरीतील नावे कोकणी भाषकांची असून रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट या तिघांचा त्या कामी हात होता. डच सेनाधिकाऱ्याच्या ग्रंथाने लिपीची जी बूज राखली ती दोनशे वर्षांनंतरच्या इंग्रजी सूचीने राखली नाही, आणि त्या सूचीवर पोसलेल्या मराठी सूचींनीही नाही.

कोशांची स्थिती उलट दिशेने सदोष आहे. मोल्सवर्थच्या कोशात आणि पुढे महाराष्ट्र शब्दकोशात शब्दाचे रूप काळजीने दिलेले असते, पण अर्थाच्या जागी पुष्कळदा ‘एक झाड’ किंवा ‘एक वनस्पती’ एवढेच मिळते. सूचीत वस्तू आहे आणि शब्द हरवला आहे. कोशात शब्द आहे आणि वस्तू हरवली आहे. वामन गणेश देसाई यांचा ‘औषधीसंग्रह’ (१९२७) हा या दोहोंच्या मध्ये उभा असलेला मोलाचा ग्रंथ. वनस्पतिशास्त्र आणि वैद्यक यांची भाषा एकत्र मराठीत बोलण्याचा त्यातील प्रयत्न त्यानंतर क्वचितच त्या योग्यतेने झाला. तरी नाव कोणत्या गावचे, ही जिज्ञासा त्यातही नाही. ती त्या काळाचीच मर्यादा होती.

एक नाव अनेक वनस्पतींना आणि एका वनस्पतीस अनेक नावे, हा प्रकार दोष म्हणून नोंदविण्याची चाल आहे. प्रत्यक्षात त्याचे प्रकार निराळे आहेत आणि सगळेच दोषास्पद नाहीत. भुई- आणि रान- या उपपदांनी लोकभाषेने एक वर्गीकरणच रचलेले आहे. भुईआवळी आणि आवळा यांना तिने एकत्र आणले, आणि लिनियसनेही १७५३ मध्ये दोहोंना फायलँथस या एकाच प्रजातीत घातले. ठेंगणी भुईरिंगणी आणि उंच डोरली यांचेही वनस्पतिशास्त्राने तसेच नाते मानले आहे. भुईचाफा आणि भुईकोहळा येथे मात्र हा न्याय चालत नाही. फुलाचे किंवा कंदाचे वरवरचे साम्य पुरेसे झाले आहे. उपपद नात्याचे आहे की साम्याचे, हे प्रत्येक ठिकाणी तपासावे लागते. बाळहिरडा, चांभारी हिरडा आणि सुरवारी हिरडा ही तीन नावे तर एकाच झाडाच्या फळाची, वाढीच्या अवस्थेप्रमाणे. त्यांना पर्यायनामे म्हणणे ही शुद्ध चूक होय. काळा कुडा आणि पांढरा कुडा यांच्यात रंगाचे विशेषण गळले की राइटिया आणि होलऱ्हेना यांची अदलाबदल होते, गोड इंद्रजव कडू इंद्रजवाच्या जागी जातो, आणि आवेवर दिलेले औषध निरुपयोगी ठरते. विशेषण हे येथे नावाचे अंग आहे, अलंकार नव्हे.

खरा गोंधळ ग्रंथनाम लोकनामावर येऊन बसते तेव्हा माजतो. पुनर्नवा म्हणून घेटुळी घेतली जाते, पण घेटुळी पांढरीही आहे आणि ती ट्रायअँथेमा, बोर्‍हाविया नव्हे. ‘वसू’ हे नाव दोघींच्या मधून फिरते. ब्राह्मी म्हणून महाराष्ट्रातील परसात जी गोल पानांची वेल लावतात ती पुष्कळदा सेंटेला, म्हणजे मंडूकपर्णी असते, आणि बाकोपाला ‘नीरब्राह्मी’ म्हणून वेगळे काढावे लागते. शंखपुष्पीचे दावेदार तीन-चार असून त्यांतली एक विष्णुक्रांता, जिचे नाव पुन्हा गोकर्णालाही दिले जाते. सह्याद्रीच्या कुशीत आषाढात जी पाने फोडशी किंवा कुली म्हणून शिजतात, तिच्याच जातकुळीचा कंद बाजारात ‘सफेद मुसळी’ होतो. भाजीला एक नाव, मालाला दुसरे, आणि खुडणारीला दुसऱ्या नावाची किंमत ठाऊक असेलच असे नाही. नरक्याचे तर नावच दुर्गंधावरून पडलेले. त्यात औषधाची सूचना नाही. १९७२ मध्ये त्याच्यात कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगावरील औषधांचे मूलद्रव्य सापडल्याचे प्रसिद्ध झाले, आणि नावाने ज्याला दूर ठेवले होते त्याची सह्याद्रीत सर्रास तोड झाली.

हा केवळ शब्दांचा वाद नाही, हे गुळवेलीने दाखवून दिले. कोविडच्या साथीत घरोघरी तिचा काढा सुरू झाला. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांत यकृतास इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला तो मुख्यतः ओळखीचा, की सेवन केलेली वेल टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाच होती कशावरून, ती टिनोस्पोरा क्रिस्पा असू शकेल. या वादात कोणाचा पक्ष बरोबर हे येथे ठरवावयाचे नाही. लक्षात घ्यावयाचे ते हे की दोन्ही पक्षांचा पुरावा अखेर एका नावापाशी येऊन अडला, आणि ज्याने वेल तोडली त्याने त्या नावाखाली काय तोडले हे सांगणारी नोंद कोठेच नव्हती.

जैविक विविधता कायद्याने (२००२) प्रत्येक स्थानिक संस्थेने लोक जैवविविधता नोंदवही ठेवावी असे ठरविले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून, नंतर दरमहा दहा लाख रुपये दंडाची तंबी दिली. मुदतीच्या दडपणाखाली भरलेल्या वहीत छापील सूचीतील नावे उतरून घेण्याचा मोह किती प्रबळ असतो हे सांगावयास नको; आणि ‘स्थानिक नाव’ या रकान्यात छापील नाव पडले की ते स्थानिक म्हणूनच कायम होते. २०२३ च्या दुरुस्तीने या रकान्याचे मोल आणखी वाढविले आहे. ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाच्या वापरास लाभवाटपाच्या बंधनातून सूट मिळाली, आणि ग्रंथ म्हणजे औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या (१९४०) पहिल्या अनुसूचीतील ग्रंथ. त्या अनुसूचीत संहिता आहेत, निघंटू आहेत, आणि शंकर दाजीशास्त्री पदे यांचा ‘आर्यभिषक्’ही आहे. म्हणजे ग्रंथ आणि लोक यांमधील रेषा संस्कृत आणि मराठी यांच्यामधून जात नाही. ती मराठीच्या आतूनच जाते. अकोल्यातील ठाकर स्त्रीने सांगितलेला उपयोग नोंदवहीत ‘कुटज’ या नावाखाली लिहिला गेला तर तो ग्रंथातला ठरण्याची वाट मोकळी होते. ‘पांढरा कुडा’ म्हणून, तिच्या पाड्यासह, तिने सांगितलेल्या अंगासह आणि ऋतूसह लिहिला गेला तर निदान प्रश्न शिल्लक राहतो. २००१ पासून उभारल्या गेलेल्या पारंपरिक ज्ञानाच्या अंकीय ग्रंथालयाचीही हीच मर्यादा. हळदीवरील अमेरिकी स्वामित्वहक्क १९९७ मध्ये रद्द झाला त्या अनुभवातून ते निघाले, आणि त्याचा आधार ग्रंथ हाच आहे. मुखातल्या नावाला त्यात प्रवेश नाही.

विद्यापीठांच्या भाषाविभागांनी हे काम वनस्पतिशास्त्राचे म्हणून बाजूस ठेवले आहे, आणि वनस्पतिशास्त्र विभागांनी नावे गौण म्हणून. प्रत्येक नावाबरोबर उच्चार देवनागरीत, गाव आणि वाडी, सांगणाऱ्याचा समाज आणि अंदाजे वय, वनस्पतीचे कोणते अंग, कोणत्या महिन्यात, आणि वाळवून जतन केलेल्या नमुन्याचा क्रमांक, एवढे एका ओळीत मावते. ‘उपयोग’ या रकान्यापुढे आणखी एक खूण असावी : सांगणाऱ्याने स्वतः केलेला, पाहिलेला, की नावावरून सांगितलेला.